इमारतीतलं तांबं मोजतोय, मोटरांपाशी अडलोय (मदत हवी आहे)

वापरात असलेल्या धातूचा साठा दोन तऱ्हांनी काढतात: आलेल्या मालातून भंगारात गेलेला वजा करायचा, नाहीतर एकेक वस्तू मोजत बेरीज करायची. मी दुसऱ्या तऱ्हेने आमच्या सोसायटीतलं तांबं मोजतोय. 24 फ्लॅट, एक लिफ्ट, 5 एचपीचा पंप. संयुक्त राष्ट्रांच्या 2010 च्या अहवालात जगाचा आकडा माणशी 35 ते 55 किलो दिलाय, तो आमच्या इमारतीशी ताडून बघायचाय.

वायरिंग सोपं निघालं. 2.5 चौरस मिमीच्या वायरीत मीटरला सुमारे 22 ग्रॅम, म्हणजे 90 मीटरच्या कॉइलमध्ये 2 किलो. अर्थिंगची प्लेट 60 बाय 60 सेंमी, 3.15 मिमी जाड धरली तर 10 किलो भरते. पुरलेली असली तरी काम करतेय, म्हणून हिशेबात घेतली.

घोडं अडलंय ते मोटरांवर. नेमप्लेटवर एचपी असतो, तांब्याचं वजन नाही. रिवाइंडिंगवाला म्हणतो, "जळालेली आणा, मग वजन करू." भंगारवाला अख्ख्या मोटरचाच भाव सांगतो. चालू यंत्रं उघडता येणार नाहीत. शिवाय काही पंख्यांत ॲल्युमिनियमचं वाइंडिंग असतं, आणि चुंबक दोन्हींना चिकटत नाही!

20 टक्के इकडेतिकडे चालेल. रिवाइंडिंग किंवा भंगारातलं कुणी असेल तर सांगा: 5 एचपीचा थ्री-फेज पंप, लिफ्टची मोटर आणि दीड टनी एसीचा कॉम्प्रेसर, यांतून प्रत्येकी साधारण किती किलो तांबं निघतं?