१९ जणांची राहायची सोय कुठे होईल? (सोसायटी ग्रुप)

बी-५०३: नमस्कार मंडळी, जरा मदत हवी होती. सासूबाईंची पंचाहत्तरी आहे डिसेंबरात, तर सगळ्यांनी दोन रात्री कुठेतरी एकत्र राहायचं ठरतंय. एकूण १९ जण, त्यात तिघं सत्तरीच्या पुढचे आणि पाच पोरं दहाच्या आतली. नणंद नागपूरहून येणार, धाकटे दीर ठाण्याहून, बाकी सगळे पुण्यातले. लोणावळ्याला दोन-तीन रिसॉर्टना फोन केले, सात खोल्या घ्याव्या लागतील म्हणाले आणि आकडा ऐकून घरात सगळे गप्पच झाले. परवडेल आणि सगळ्यांना एकत्र बसता येईल असं कुणाच्या माहितीत आहे का? समुद्र असेल तर पोरं खूष, पण तसा हट्ट नाही.

ए-४०१: ताई अख्खा व्हिलाच घ्या ना, चार-पाच बेडरूमचा, ॲपवर ढीगभर आहेत, पूलपण असतो

बी-५०३: बघितले रे. शनिवार-रविवारचे रेट फार आहेत आणि बरेच जण १२ किंवा १५ माणसांपर्यंतच धरतात, पुढे डोई एक्स्ट्रा. जेवण वेगळंच.

ए-४०१: हो ते आहे. आणि टॅक्सचं पण बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून रोजचं भाडं ७५०० पर्यंत असलेल्या खोलीला ५ टक्के जीएसटी झालाय, त्याच्या वर मात्र १८च आहे. अख्खा व्हिला एकच युनिट म्हणून समजा २५,००० ला दिला तर १८ लागू शकतो, म्हणजे एका रात्रीचे ४,५०० नुसते टॅक्सचे. दाखवलेला रेट टॅक्स धरून आहे का ते आधी विचारा, ॲपवर शेवटच्या पानावर वाढतो तो.

सी-३०२: घरात कुणी बँकेतून, एलआयसीतून किंवा रेल्वेतून रिटायर झालेलं आहे का? बऱ्याच ठिकाणी पेन्शनरांनासुद्धा हॉलिडे होम मिळतं आणि भाडं अगदीच नाममात्र असतं. नियम प्रत्येकाचे वेगळे, पण साधारण घरच्यांपुरतं देतात, एका वेळी एक-दोन खोल्या. १९ जणांचं त्यात बसणार नाही.

बी-५०३: सासरे पोस्टात होते काका, पण तुम्ही म्हणताय तसंच, एवढ्यांना कुठे मिळणार. आणि दोन खोल्या इथे नि पाच तिथे असं नकोय, मग एकत्र जायचा उपयोग काय.

ए-१०४: अगं ऐक, मी आमच्या माहेरच्या गोतावळ्याला घेऊन वर्षानुवर्षं जातेय म्हणून सांगते. खोल्या मोजत बसलीस तर गणित कधीच जमायचं नाही, माणसं मोज आणि पानं मोज. आता बघ, समजा ३५०० ची खोली, अशा सात, दोन रात्री, म्हणजे ४९,००० झाले फक्त पाठ टेकायचे. त्यात फार तर सकाळचा नाश्ता. मग १९ जणांची दोन वेळची जेवणं बाहेर, पोरांची मधली भूक, मोठ्यांचा चार-चारदा चहा, खरा खर्च तिथे होतो आणि तो आधी कुणी धरतच नाही. त्यापेक्षा कोकणात घरगुती राहणं-जेवण बघ. दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, इकडे दापोलीजवळ मुरुड-कर्दे, आंजर्ले, खाली गुहागर. वाडीतलं घर असतं, मागे नारळ-सुपारी, मालक तिथेच राहतात, स्वयंपाक घरच्या बायका करतात. तिथे माणशी रेट सांगतात, राहणं, नाश्ता आणि दोन जेवणं मिळून. लहान पोरांचे बहुतेक ठिकाणी अर्धे, अगदी तान्ह्यांचे घेत नाहीत. समजा माणशी १५०० रोज म्हणाले तर तुझे १४ मोठे आणि पाच पोरं अर्ध्यात धरून दिवसाचे २४,७५०, दोन दिवसांचे ४९,५००. म्हणजे तिकडच्या नुसत्या खोल्यांच्या पैशात इकडे जेवूनखाऊन राहणं होतं. आणि मोठी पार्टी म्हटलं, त्यात आडवारी, की थोडं कमीही करतात, मोकळेपणाने विचारायचं.

डी-६०२: १००% सहमत काकू 🙏 आम्ही गुहागरला असंच राहतो, रात्री सगळी भावंडं पडवीत गाद्या घालून. पोरांना तेच जास्त आवडतं, एसी-बिसी कुणी विचारत नाही.

बी-२०१: ताई नागपूरची मंडळी येणार आहेत तर शेगावचा विचार करा की. महाराजांच्या संस्थानाचं भक्त निवास आहे, स्वच्छता अशी की हॉटेलवाल्यांनी बघून शिकावं, भाडं परवडणारं, महाप्रसाद आहे, सेवेकरी म्हाताऱ्यांना हाताला धरून नेतात. नागपूरहून रेल्वे लाइनवरच आहे. आणि लांब वाटत असेल तर संस्थानाच्या शाखा पंढरपूर, आळंदी, त्र्यंबकेश्वरलापण आहेत. पंचाहत्तरीला आजींना पांडुरंगाचं दर्शन, यापेक्षा चांगलं काय.

बी-५०३: आजींना फार आवडेल हे. पण तिथे केक, गाणी, पोरांचा धिंगाणा असं करता नाही येणार ना?

बी-२०१: ते खरंय, तिथे शिस्त आहे आणि असावीच. दर्शनाला वेगळं जा मग. खोल्या कशा देतात, आधी मिळतात की नाही, ते संस्थानाच्या ऑफिसातच विचारा, कुणीतरी फॉरवर्ड केलेल्या नंबरावर पैसे टाकू नका. देवस्थानांच्या भक्त निवासांच्या नावाने खोट्या वेबसाइट काढून लोकांना फसवतात.

सी-३०२: हे अतिशय महत्त्वाचं. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन करायचा, सायबरची हेल्पलाइन आहे. जितक्या लवकर कराल तितकी रक्कम अडकवता येण्याची शक्यता जास्त.

ए-४०१: एमटीडीसी पण आहे की. पुण्याच्या जवळ कार्ला, पानशेत, समुद्राला हरिहरेश्वर, गणपतीपुळे, तारकर्ली. त्यांच्या स्वतःच्या साइटवरच बुकिंग होतं

ए-१०४: एमटीडीसीची जागा मोकळी असते, पोरांना पळायला आवार असतं, ते मलाही आवडतं. पण तिथेही खोल्यांचाच हिशोब, आणि गणपतीपुळ्याला समुद्राच्या बाजूच्या खोल्या सुट्टीत महिनोन् महिने आधी जातात. समुद्र नकोच असेल तर कृषी पर्यटन बघ, जुन्नरच्या बाजूला केंद्रं आहेत, चुलीवरचं जेवण, बैलगाडी, पोरांना वेगळं काहीतरी.

डी-६०२: जुन्नर-आंबेगावकडे बिबट्याचं बघून घ्या फक्त. केंद्राला कुंपण आहे का विचारा आणि अंधार पडल्यावर पोरांना शेताकडे एकटं सोडू नका.

बी-५०३: बापरे, हो. मग कोकणच बरं वाटतंय. ठाण्याच्यांना आणि आम्हाला दोघांना जवळ काय पडेल?

ए-१०४: दिवेआगर. तुम्ही मुळशी-ताम्हिणी करून माणगावला उतरायचं, ठाण्याची मंडळी मुंबई-गोवा हायवेने माणगावलाच येतात, पुढे म्हसळ्यावरून खाली. नणंदेला आदल्या दिवशी पुण्यात बोलावून घे, एका दमात एवढा प्रवास कुणालाच झेपत नाही. १७ सीटर टेम्पो ट्रॅव्हलर केलात तर पुण्याची सगळी त्यात, फक्त ड्रायव्हरची झोपायची आणि जेवायची सोय घरमालकांशी आधी बोलून ठेव, त्या बिचाऱ्याचं कुणाच्या लक्षात राहत नाही आणि परतीच्या घाटात आपल्या सगळ्यांचा जीव त्याच्या झोपेवर असतो. ताम्हिणीत ज्या पोरांना गाडी लागते त्यांना पुढे बसव.

आणि आता सगळ्यात मुख्य. तुझ्याकडे तिघं सत्तरीपुढची आहेत ना, मग फोटो बघून घर ठरवू नकोस. आम्ही एका सुंदर घरात राहिलो होतो, कौलारू, झोपाळा, अंगण, फोटोत होतं तस्संच. पण संडास मागच्या अंगणात, मागच्या दाराला तीन उंच दगडी पायऱ्या, धरायला काही नाही, बाहेर एक मिणमिणता बल्ब. आई रात्री दोनदा उठायची, दर वेळी कुणीतरी टॉर्च घेऊन एका हाताने तिला धरायचं, खाली शेवाळलेली फरशी. ती शेवटी संध्याकाळी पाणीच प्यायची बंद झाली, कुणाला त्रास नको म्हणून. मला ते फार लागलं होतं मनाला. म्हणून आता घरमालकांना सरळ व्हिडिओ कॉल करते आणि म्हणते, दादा, पलंगापासून संडासापर्यंत चालत जाऊन दाखवा. चांगली माणसं आनंदाने दाखवतात. पायऱ्या किती, कमोड किती, तळमजल्यावर किती जण झोपतील, गरम पाणी बंबाचं की गिझरचं, लाइट गेली तर इन्व्हर्टरवर काय काय चालतं, हे सगळं त्यातच विचारून घ्यायचं. १९ जणांना चार बाथरूम तरी हवेतच, नाहीतर सकाळी ११ वाजेपर्यंत आंघोळीच चालतात आणि समुद्रावर ऊन चढतं.

डी-६०२: काकू हा मेसेज पिन करायला पाहिजे.

सी-३०२: ॲडव्हान्सचं पण सांगा कुणीतरी. आमच्या साडूंनी एका ठिकाणी सगळे पैसे आधी भरले, तिथे पोचल्यावर कळलं की अर्धं घर दुसऱ्यांना दिलंय. भांडायचं कुणाशी, पोरंबाळं बरोबर, रात्रीची वेळ. थोडेच पैसे आधी द्यावेत आणि तारीख, माणसं, किती खोल्या, पूर्ण घर आपल्यालाच आहे, रद्द केलं तर किती परत, एवढं व्हॉट्सॲपवर लिहून घ्यावं आणि त्यांचं "हो" आल्यावरच पैसे पाठवावेत.

बी-५०३: खूप खूप आभार सगळ्यांचे 🙏 तारखेचं काय करू? पोरांची नाताळची सुट्टी धरून २५ च्या आसपास म्हणत होतो.

ए-१०४: २४ ते १ अजिबात नको गं, त्या आठवड्यात दिवेआगरला पाय ठेवायला जागा नसते आणि रेट पण तसेच. त्याच्या आधी जा, रविवारी दुपारी पोचायचं आणि मंगळवारी निघायचं. रविवारी जेवून शनिवारची गर्दी परत फिरते, घर मोकळं, बीच मोकळा. पोरांची दोन दिवस शाळा बुडाली तर बुडू दे, पहिली-दुसरीत आहेत, आजीची पंचाहत्तरी पुन्हा नाही यायची. फक्त संकष्टी येत नाही ना ते कॅलेंडरात बघ, सुवर्ण गणेशाच्या दर्शनाला गर्दी असते. आणि भरती-ओहोटीची वेळ घरमालकांना रोज विचारायची, ते सांगतील तेव्हाच पोरांना पाण्यात.

ए-४०१: दिवेआगरचा कुणाचा नंबर असेल तर मलापण हवाय काकू, ऑफिसच्या ग्रुपसाठी

ए-१०४: ग्रुपवर नको, त्यांना विचारल्याशिवाय टाकणं बरं नाही. दोघांनाही पर्सनलवर पाठवते. ऑफिसच्या मंडळींना आधीच सांग, ते घर शाकाहारी आहे आणि दारू चालत नाही. मासे हवे असतील तर गावात खानावळी आहेत.

बी-५०३: काकू आत्ताच बोलणं झालं त्यांच्याशी! मंगळवारपर्यंत पूर्ण घर देतायत. खाली तीन खोल्या, वर दोन आणि मोठी पडवी, बाथरूम पाच, त्यातले तीन कमोडचे, खालच्या दोन खोल्यांना तर आतच. मागे एकच पायरी आहे म्हणाल्या, उद्या सकाळी व्हिडिओ कॉलवर दाखवतायत, तेव्हा सासूबाईंनाच फोनसमोर बसवणार आहे. पाच वर्षांखालच्या दोघांचे काही घेणार नाहीत. १७ सीटर गेटातून आत येत नाही पण समोर शाळेचं मैदान आहे, तिथे लावता येते.

ए-१०४: छान झालं! तिखट कमी सांग आजी-आजोबांच्या पानाला. आणि उकडीचे मोदक हवे असतील तर आदल्या दिवशी आकडा सांगावा लागतो, माणशी तीन तरी धर, पोरं पण खातात.