दीड हजार फुटाचा प्लॉट अन् परवानगी

लोकं सांगतात की घर बांधाले दीड हजार चौरस फुटाच्या प्लॉटपर्यंत परवानगीच लागत नाही, सरळ पाया खोदा. अरे बाप्पा, असं नाही ते. २०२० च्या डिसेंबरात जे युडीसीपीआर (राज्याची बांधकामाची एकत्रित नियमावली) आलं त्यात १५० चौरस मीटरपर्यंतच्या (म्हणजे सोळाशे फुटाच्या आसपास) प्लॉटले सूट आहे, पण सूट म्हणजे काय तर आर्किटेक्ट नाहीतर लायसन्सवाल्या इंजिनिअरच्या सहीचा नियमात बसणारा नकाशा अन् कागद जमा करायचे, फी भरायची, आणि ती पावती हीच परवानगी. मार्जिन (बांधकामाच्या बाजूची मोकळी जागा) सोडणं काही माफ नाही झालं. १५० ते ३०० वाल्यांचं काम दहा दिवसात व्हायले पाहिजे, कागदं पूर्ण असले तर.

आणि नागपुरात घोडं अडते ते नकाशावर नाही, लेआउटवर. आपल्याकडे कितीतरी प्लॉट शेतीचे तुकडे पाडून विकलेले, गुंठेवारीतले, त्याले आरएल लेटर (प्लॉट नियमित झाल्याचं पत्र) नसलं तर आर्किटेक्ट फाईलले हातच लावत नाही. माझ्या मामाची रजिस्ट्री होती, सातबारा होता, टॅक्स पावती पण होती, तरी आरएल नाही म्हणून सारं थांबलं (विकणारा म्हणे "मिळून जाईल", तो आता फोन उचलत नाही). २०२१ मधी कायदा बदलला तेव्हा ३१ डिसेंबर २०२० पर्यंतचीच गुंठेवारी नियमित करायची सोय झाली होती, त्यानंतर पाडलेला लेआउट असन तर घेऊच नका.

आधी हे विचारा की प्लॉट कोणाच्या हद्दीत येते, मनपा, एनआयटी (नागपूर सुधार प्रन्यास) का एनएमआरडीए (नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), बाकी नंतर. अन् पाया झाला की प्लिंथ चेकिंग (जोत्याची तपासणी) लागते का ते बघा, लोकं तेच विसरतात.