डायलिसिसवर हिपॅटायटिस बी लसीचे सगळे डोस झाले तरी टायटर फक्त ४??

सातारी_कंदी: बाबांचं (६१) डायलिसिस चालू आहे आठवड्यातून तीनदा. लसीचे सगळे डोस झाले आणि आता टायटर (रक्तातल्या अँटिबॉडीचं प्रमाण) ४, सेंटरवाले म्हणतात परत पहिल्यापासून घ्या. डायलिसिसने रक्त साफ होतं ना मग प्रतिकारशक्ती का नाही येत? लवकर सांगा, शनिवारी जायचंय.

बोरूबहाद्दर: सगळे म्हणजे किती? २० मायक्रोग्रॅमचे की ४० चे? शेवटच्या डोसनंतर किती दिवसांनी टेस्ट केली?

दादूस: रोज सकाळी कुळथाचं कढण द्या, माझा ८ एमएमचा खडा पडला.

बोरूबहाद्दर: मुतखडा कुणाला झालाय इथे?

लॅबवाली_ताई: रक्त अर्धंच साफ होतं हो. युरिया छोटा, तो निघतो. पण इंडॉक्सिल सल्फेट, पॅराक्रेसिल सल्फेट ही आतड्यातल्या जिवाणूंपासून येणारी घाण अल्ब्युमिनला (रक्तातलं मोठं प्रथिन) चिकटून बसते, नव्वद टक्क्यांच्या वर, आणि अल्ब्युमिन काही त्या गाळणीतून जात नाही (जायलाही नको). ते साठलं की न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी जंतू नीट गिळत नाहीत, लवकर मरतात, मोनोसाइट या दुसऱ्या पांढऱ्या पेशी मात्र उगाच चेकाळलेल्या, म्हणून सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारी रक्तचाचणी) कायम थोडं चढलेलं. नव्या टी पेशी आणि बी पेशी कमी पडतात आणि लस ओळखून अँटिबॉडी बनवायचं काम त्यांचंच. म्हणून यांना डबल डोस, ४० चे चार, ०-१-२-६ महिने. टायटर १० च्या वर पाहिजे.

वनौषधी_प्रेमी: गुळवेल काढा. करोनात अख्खं घर प्यायलं आमचं.

लॅबवाली_ताई: गुळवेलीने लिव्हरला मार बसलेल्या केसेस मुंबईच्या डॉक्टरांनीच २०२१ मध्ये छापल्यात. आणि यांना पाणी मोजून प्यायचं असतं, काढा कुठे बसवणार?

वनौषधी_प्रेमी: ती भेसळीची गुळवेल असणार. अ‍ॅलोपॅथीवाल्यांचं नेहमीचंच.

सातारी_कंदी: फाईल बघितली, २० चे तीन. टेस्ट दीड महिन्याने. प्रतिकारशक्तीचं यासाठी विचारत होतो की महिन्यात दोनदा मशीनवर असतानाच थंडी वाजून ताप आला, काल पण १०१ होता, क्रोसिनने उतरला.

बोरूबहाद्दर: हे आत्ता सांगतोस? फिस्टुला (डायलिसिससाठी हातात शीर-धमनी जोडतात तो) आहे की मानेत कॅथेटर (नळी)?

सातारी_कंदी: कॅथेटर. फिस्टुला अजून तयार व्हायचाय.

लॅबवाली_ताई: मग टायटर राहू द्या बाजूला. कॅथेटरमधून रक्तात इन्फेक्शन जातं असंच, ब्लड कल्चर (रक्तात जंतू आहेत का ती टेस्ट) अँटिबायोटिकच्या आधी काढायला सांगा. शनिवारची वाट बघू नका, आत्ता फोन करा.

सातारी_कंदी: केला. लगेच घेऊन या म्हणाले, निघतोय.

दादूस: कुळीथ गावठीच घ्या पण.