प्रति: रॅमची एकच पट्टी घेण्याबाबत
गेमसाठी नवा संगणक जोडताना ग्राफिक्स कार्ड (पडद्यावरची चित्रे तयार करणारा वेगळा भाग) पुढच्या वर्षी घ्यावे आणि तोपर्यंत रायझन ५ ५६००जी या अंगभूत ग्राफिक्स असलेल्या प्रोसेसरवर भागवावे, हा इथे एकाने दिलेला सल्ला मला पूर्ण पटतो. मात्र त्यासोबत १६ जीबी रॅमची (संगणकाच्या कामचलाऊ मेमरीची) एकच पट्टी घ्यावी, हे पटत नाही; त्याऐवजी ८-८ जीबीच्या दोन घ्याव्यात. या प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला स्वतःची वेगळी मेमरी नसते, ते रॅममधूनच काम भागवते, त्यामुळे एकाच पट्टीवर डेटाची वाट निम्मी होते आणि त्याचा फटका थेट गेमला बसतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून मी पहिली जोडणी केली, तेव्हा ८ जीबीची एकच पट्टी लावली होती आणि गेम सतत अडखळत असे; तशीच दुसरी पट्टी बसवल्यावर त्याच सेटिंगवर तो सुरळीत चालू लागला.

रॅमसाठी चार खाचा असलेल्या मदरबोर्डवर (सगळे भाग ज्यावर बसतात त्या मुख्य बोर्डावर) दोन पट्ट्या शेजारी-शेजारी लावू नयेत. बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत, टक् असा आवाज येईपर्यंत दाबून बसवाव्यात. त्यानंतर बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या जाहीर वेगाने चालवणारी सेटिंग, आठवणीने चालू करावे, नाहीतर ३२०० च्या वेगाची म्हणून घेतलेली रॅम कित्येकदा २१३३ किंवा २४०० वरच चालत राहते.