वस्तीच्या कुंपणाला कण्हेर लावावी का? घरात शेळ्या आणि लेकरं आहेत

काळीआई (परळी)
नमस्कार मंडळी. वस्तीवरच्या घराला शंभरेक फूट कुंपण करायचंय. जमीन काळी, पाणी बेताचं. सगळे कण्हेर सुचवतात; जनावर तोंड लावत नाही आणि महादेवाला फुलंही होतात. पण दावणीला शेळ्या आहेत, घरात लहान लेकरं. शिवाय थोरली माणसं मुळीचा लेप गजकर्णाला आणि पाल्याचं तेल खरजेला सांगतात. त्यात तथ्य किती? आणि लावायचीच तर लाल का पिवळी?

रोपवाटिका
पिवळी मुळीच नको. ती बिट्टी, जातच वेगळी. फळातली बी सगळ्यात विषारी, आणि ती हिरवी टणक फळं पोरं खेळायला उचलतातच.

लाल-पांढरी लावायची तर जूनच्या पहिल्या चांगल्या पावसानंतर पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, वीतभर काड्या घ्या. खालचा पाला काढून निम्मी काडी मातीत, दोन-दोन फुटांवर. काळ्या रानात सपाटीला लावली की श्रावणात पाणी साचून बुडखा कुजतो, म्हणून वरंब्यावर लावा. मुळं धरली की उन्हाळ्यातही पाण्यावाचून तग धरते. फूल कोवळ्या शेंड्याला येतं; दर महिन्याला कातरलीत तर नुसती हिरवी भिंत मिळेल. मोठी छाटणी वर्षातून एकदाच, हातमोजे घालून. चीक डोळ्यात जाऊ देऊ नका.

जनावरांचा_डॉक्टर (हिंगोली)
"जनावर तोंड लावत नाही" हे उभ्या, हिरव्या झाडापुरतं खरं. घात होतो तो छाटणीनंतर. पाला वाळला की कडूपणा कमी होतो, विष मात्र तसंच राहतं. बांधावर पडलेल्या काड्या वैरणीत मिसळल्या, कडब्याबरोबर कुट्टीत गेल्या, की शेळी मुकाट खाते. उन्हाळ्यात चारा आटला की हिरव्यालाही तोंड घालते.

लक्षणं म्हणजे चारा सोडणं, दात खाणं, पोटात कळ, पातळ किंवा रक्ताळ हगवण, ठोके अडखळणं. पुष्कळदा तर काहीच न दिसता सकाळी जनावर मेलेलं सापडतं. गूळ-तेल पाजत बसू नका. ठसका लागून ते फुफ्फुसात उतरतं आणि दुसरंच दुखणं उभं राहतं. १९६२ या जनावरांच्या दवाखान्याच्या मदत क्रमांकावर फोन करा, जनावर सावलीत बांधा, पळवू नका.

माझं विचाराल तर शेळ्या असलेल्या घरी करवंद किंवा सागरगोटा लावा. काटाही होतो, विषाचा घोर नाही.

रसशाळा (नांदेड)
औषधाचं सांगतो. थोरली माणसं निराधार बोलत नाहीत. करवीर, म्हणजे लाल-पांढरी कण्हेर, चरकाच्या कुष्ठघ्न गणात, म्हणजे त्वचारोग घालवणाऱ्या औषधांच्या यादीत आहे. त्वचारोगांवरच्या तेलांत ती पडते. पण तिची गणती सात उपविषांतही (दुय्यम विषांतही) आहे, म्हणजे शोधन, विष उतरवायचा संस्कार, केल्याशिवाय वापर नाही. त्यासाठी मुळीची पुरचुंडी गाईच्या दुधात लोंबती ठेवून प्रहरभर, म्हणजे तीन तास, शिजवतात. ते दूध फेकून द्यायचं, कुत्र्या-मांजरालासुद्धा घालायचं नाही. पुढं तेल सिद्ध करायचं ते कल्क (वाटलेला गोळा) एक भाग, तेल चार, द्रव सोळा या मापानं.

घरी पाट्यावर उगाळलेल्या कच्च्या मुळीत यातलं काहीच होत नाही. तो लेप कातडी जाळतो, फोड येतात, आणि खाजवून सोललेल्या जागेतून विष अंगात भिनतं. गजकर्ण ही बुरशी. त्याला बुरशीवरचं मलम, डाग गेल्यावरही डॉक्टर सांगतील तितके दिवस. खरजेला परमेथ्रिन ५ टक्के मलम, मानेपासून तळपायापर्यंत रात्रभर, घरातल्या सगळ्यांना एकाच दिवशी, आठवड्यानं पुन्हा. लहान बाळ किंवा गरोदर बाई असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. एकट्यालाच लावलं की खरूज फिरून येते, मग लोक मलमालाच नावं ठेवतात.

बिट्टी तर मूळची अमेरिकेतली. चरकातली कण्हेर ती नव्हे, म्हणून तिथला गुण हिच्या माथी मारू नये.

काळीआई (परळी)
आभारी आहे. मग सागरगोटाच बघतो. शेजारच्या बांधावर मात्र कण्हेरीची जुनी रांग आहे. लेकरानं चावलीच तर काय करायचं? आणि छाटलेलं सरपण म्हणून चालेल का?

जनावरांचा_डॉक्टर (हिंगोली)
सरपण अजिबात नाही, धूरही बाधतो. हुरड्याच्या दिवसांत तर बांधावरचं हाताला येईल ते आगटीत जातं, तेव्हा गोवऱ्याच वापरा. कण्हेरीच्या काडीला काही खोचून भाजू नका. छाटण गोठ्यापासून आणि विहिरीपासून लांब, खोल खड्ड्यात पुरा.

रसशाळा (नांदेड)
चावलं तर तोंडातलं काढून चूळ भरायला लावा. उलटी करवू नका, दूध-तूप-लिंबू काही देऊ नका. झाडाची डहाळी सोबत घेऊन १०८ वरून थेट ईसीजीची सोय असलेल्या दवाखान्यात. उलट्या, पोटदुखी, मंद किंवा अडखळती नाडी ही खूण; रक्तातलं पोटॅशियमही तपासावं लागतं. बिट्टीची बी असेल तर लेकरू हसतंय-खेळतंय म्हणून त्याच दिवशी घरी आणू नका, ठोके दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही बिघडतात.