मदत हवी: कंपनीच्या नेटवर्कला जोडल्यापासून लॅपटॉपवरच्या फाईली गायब

काटेवाला

नमस्कार मंडळी. सावद्याजवळ एका केळीच्या पॅकहाऊसमध्ये मी हिशोब बघतो. लॅपटॉप कंपनीचा, पण तीन वर्षं माझ्याच हातात आहे. काल दुपारी जळगावच्या ऑफिसातून आयटीचा पोरगा आला. म्हणाला, आता सगळे लॅपटॉप नेटवर्कला जोडायचेत. अर्धा तास खुडबुड केली, दोनदा रीस्टार्ट केला, नव्या पासवर्डची चिठ्ठी माझ्या हातात दिली आणि बस पकडायला पळाला.

लॉगिन केलं तर डेस्कटॉप कोरा. रिसायकल बिन आणि ब्राउझर, बस. वॉलपेपरला मुलीचा फोटो होता, तिथे आता कंपनीचा लोगो. डॉक्युमेंट्स रिकामं, डाउनलोड्स रिकामं. तीन हंगामांच्या कापणीच्या पट्ट्या, कोणाला किती उचल दिली त्याची एक्सेल, ट्रकभाडं, सगळं डेस्कटॉपवर 'नवीन फोल्डर २' मध्ये होतं. (हसू नका, नाव बदलायचं राहूनच गेलं.) शनिवारी शेतकऱ्यांचं पेमेंट आहे.

गंमत म्हणजे डी ड्राईव्ह जसाच्या तसा आहे. टॅलीचा डेटा तिथे ठेवलाय, तो नीट उघडतो. लॉगिनला दिसणारं नावही माझंच, पूर्वीचंच. पोराला फोन केला तर म्हणतो, "सर, मी काहीच डिलीट केलं नाही." आणि वर, "सोमवारी येऊन जुनं सगळं साफ करून देतो." जुनं म्हणजे काय, हे विचारेपर्यंत फोन कट.

विंडोज ११ प्रो आहे. फाईली परत आणणारं एखादं सॉफ्टवेअर टाकू का?

भुसावळचा

नेटवर्कला जोडल्याने फाईली जात नसतात, व्हायरस असेल. सिस्टिम रिस्टोअर मारून बघा. नाही जमलं तर रिकव्हरीची फुकट सॉफ्टवेअर ढिगाने मिळतात.

जुना सर्व्हरवाला

थांबा भो, काहीच मारू नका. रिस्टोअरने तुमच्या एक्सेल फाईली येत नाहीत, उलट काल जुळवलेली नेटवर्कची जोडणी बिघडू शकते. आणि खरंच काही डिलीट झालं असेल तर त्याच डिस्कवर नवीन सॉफ्टवेअर उतरवणं म्हणजे पुसट झालेल्या पाटीवर नवं लिहिणं.

माझा अंदाज, फाईली जागेवरच आहेत. तुम्हीच वेगळे झालात.

भुसावळचे दादा म्हणतात ते वायफायच्या बाबतीत खरं आहे. पण 'नेटवर्कला जोडला' म्हणजे इथे बहुतेक डोमेनला जोडला. म्हणजे तुम्ही कोण हे पूर्वी तुमचा लॅपटॉप ठरवायचा, आता कंपनीचा सर्व्हर ठरवतो. चिठ्ठीवरच्या पासवर्डने तुम्ही सर्व्हरवरच्या खात्यात शिरलात. त्या खात्यासाठी विंडोजने नवं घर बांधलं: कोरा डेस्कटॉप, कोरं डॉक्युमेंट्स. जुनं घर शेजारीच कुलूप लावून उभं आहे.

नाव तेच असून असं का? सातबाऱ्यावर एकाच नावाचे दोन खातेदार असतात ना, तसं. गावाला दोघं एकच वाटतील, पण तलाठ्याच्या लेखी खाते क्रमांक वेगळा म्हणजे माणूस वेगळा. विंडोजही नाव बघत नाही. प्रत्येक खात्याला आतून एक लांबलचक क्रमांक असतो, त्याला एसआयडी म्हणतात. फोल्डर कोणाचा, हे त्यावरून ठरतं. डी ड्राईव्ह कोणाच्याच घरात नाही, म्हणून तो तसाच दिसतोय.

दोन गोष्टी बघून सांगा. सी ड्राईव्हमध्ये किती जागा मोकळी आहे? आणि सी मध्ये 'यूजर्स' नावाचा फोल्डर उघडा, आत कोणकोणते फोल्डर दिसतात? लॉगिन झाल्यावर 'टेम्पररी प्रोफाईल', म्हणजे तात्पुरतं घर, असा काही मेसेज आला होता का, तेही आठवा. आला असेल तर आत्ता काहीही सेव्ह करू नका, लॉगआऊट केलं की ते सगळं जातं.

काटेवाला

मेसेज काही नव्हता. सी मध्ये २३७ जीबीपैकी ४१ मोकळी. आठवड्यापूर्वीही चाळिशीच्या आसपासच होती, कारण जागा कमी पडते म्हणून मी तेव्हाच बोंब मारली होती. यूजर्समध्ये 'पब्लिक' सोडून माझ्या नावाचे दोन फोल्डर आहेत! एक नुसतं नाव, दुसऱ्यात नावापुढे टिंब आणि कंपनीचं छोटं नाव. पहिल्यावर क्लिक केलं तर परवानगी नाही म्हणतो, कंटिन्यू दाबलं तर अॅडमिनचा पासवर्ड मागतो. तो चिठ्ठीवर नाही.

जुना सर्व्हरवाला

झालं मग. मोकळी जागा वाढलेली नाही, म्हणजे काही गेलेलं नाही. टिंबवालं नवं घर, बिनटिंबाचं जुनं.

अॅडमिनचा पासवर्ड नसला तरी जुनं खातं अजून जिवंत असेल तर त्यातूनच आत जाता येईल. लॉगआऊट करा. लॉगिनच्या पडद्यावर खाली डावीकडे 'अदर यूजर' असेल, तो निवडा. नावाच्या जागी आधी एक टिंब, मग उलटी तिरकी रेघ (एंटरच्या वरची, भागाकाराची नव्हे), आणि त्याला चिकटून जुनं नाव. टिंबाचा अर्थ, सर्व्हरला विचारू नकोस, याच लॅपटॉपवरचं खातं उघड. पासवर्डही जुनाच.

आत शिरलात की 'नवीन फोल्डर २', डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, फोटो, सगळं डी ड्राईव्हवर एका फोल्डरमध्ये कॉपी करा. कट करू नका. एक तर मध्येच लाईट गेली तर अर्धं इकडे अर्धं तिकडे नको. दुसरं म्हणजे डी ऐवजी सी वरच कुठे, म्हणजे एकाच ड्राईव्हवर, फाईल कट करून हलवली की जुन्या परवानग्या तिला चिकटून येतात आणि नव्या खात्यातून ती उघडताना पुन्हा रडारड. नवी कॉपी असेल तर ती ज्या फोल्डरात पडते तिथल्या परवानग्या घेते.

आउटलुक वापरत असाल तर ते बंद करून डॉक्युमेंट्समधला 'आउटलुक फाईल्स' फोल्डरही उचला.

तापीकाठ

एक राहिलं. क्रोम, एजसारख्या ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड असे फोल्डर कॉपी करून येत नाहीत. ते जुन्या विंडोज खात्याच्या किल्लीने बंद असतात, नव्या खात्यात बुकमार्क दिसतील पण पासवर्ड उघडणार नाहीत. जुन्या खात्यात असतानाच ब्राउझरच्या सेटिंगमधून एक्स्पोर्ट करून घ्या. ती फाईल साध्या अक्षरांत असते, कोणीही वाचू शकतं, म्हणून इम्पोर्ट झाली की लगेच डिलीट करा. आमच्या ऑफिसात एकाने महिनाभर डेस्कटॉपवर ठेवली होती.

काटेवाला

जमलं! टिंब आणि तिरकी रेघ. पिन चालला नाही, मूळ पासवर्ड मागितला, तो आठवायला पंधरा मिनिटं आणि दोन कप चहा लागला. मुलीचा फोटो समोर आला तेव्हा खरंच जीव भांड्यात पडला. सगळं डी वर कॉपी केलं, १९ जीबी.

पण आता नवीनच भानगड. नव्या खात्यात आकडे बरोबर दिसतात, शेतकऱ्यांच्या नावांच्या जागी मात्र इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा किचडा. फाईल खराब झाली का?

जुना सर्व्हरवाला

नाही. नावं जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाईप केली असणार, युनिकोडमध्ये (कुठल्याही कॉम्प्युटरवर मराठीच दिसणाऱ्या अक्षरांत) नाही. त्या फॉन्टमध्ये आतून इंग्रजी अक्षरंच असतात, फक्त चेहरा मराठी. फॉन्ट नसला की मुखवटा गळतो. हल्ली विंडोजमध्ये फॉन्टवर डबल क्लिक करून इन्स्टॉल केलं की तो एकाच खात्यापुरता बसतो, तो तुमच्या जुन्या घरात राहिला.

जुन्या खात्यात जा, फाईल एक्स्प्लोररमध्ये लपलेल्या फाईली दाखवायचं चालू करा. मग तुमच्या फोल्डरात अॅपडेटा, त्यात लोकल, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, फॉन्ट्स अशी उतरंड उतरा. तिथल्या फाईली डी वर घ्या आणि नव्या खात्यात येऊन इन्स्टॉल करा. सर्वांसाठी इन्स्टॉल करायचं असेल तर अॅडमिन लागेल, तुमच्यापुरतं नाही. सवडीने ती यादी युनिकोडमध्ये करून घ्या, पण शनिवारच्या आधी नको.

आणि त्या पोराला आजच मेसेज टाका, फोन नको: जुन्या खात्याला हात लावायचा नाही. 'साफ करतो' म्हणजे तो जुन्या खात्याचं यूजर प्रोफाईल, म्हणजे तुमचं जुनं घरच, डिलीट करणार. ते केलं की तो फोल्डर थेट जातो, रिसायकल बिनमध्येही येत नाही. चूक त्याच्या एकट्याची म्हणता येणार नाही, त्याला दिवसाला दहा लॅपटॉप जोडायला सांगितले असतील. पण जोडण्याआधी फाईली हलवायला हव्या होत्या, किंवा निदान दोन शब्द सांगायला हवे होते.

काटेवाला

फॉन्ट बसला, नावं आली. मेसेज टाकला, वरच्या साहेबांनाही त्यात ठेवलं. पोरगा म्हणाला, "सॉरी सर, मला वाटलं तुमचं सगळं टॅलीतच असेल."

भुसावळचे दादा, राग नसावा, तुमचं ऐकणारच होतो.

भुसावळचा

अहो, मीच आता माझ्या लॅपटॉपचा यूजर्स फोल्डर उघडून बसलोय. सात जणांची घरं निघाली, त्यातले तिघं नोकरी सोडून गेलेत.

काटेवाला

आता एकच राहिलं. पडद्यावर पिवळ्या चिठ्ठ्या चिकटवायचो, स्टिकी नोट्स, त्या काही आल्या नाहीत.

तापीकाठ

त्याही खात्यापुरत्याच असतात. मायक्रोसॉफ्टच्या ईमेलने त्यात साईन इन केलं होतं का? नसेल तर जुन्या खात्यात उघडून मजकूर कॉपी करणं सगळ्यात सोपं.

काटेवाला

नव्हतं केलं. चौदा चिठ्ठ्या निघाल्या. बारा वहीत उतरवल्या. उरलेल्या दोनवर नुसते फोन नंबर आहेत, कोणाचे ते आता त्यांचाच फोन आला की कळेल.