मदत हवी आहे: आईने दिलेले पंचवीस किलो आणि विमानाचे पंधरा

भिरंड_सरबत

नमस्कार मंडळी. येत्या रविवारी गोव्यातल्या मोपा विमानतळावरून दिल्लीला परत जायचं आहे. सध्या मुक्काम मालवणला माहेरी. जायचा विषय निघाल्यापासून आई रोज पडवीत एकेक पिशवी आणून ठेवते आहे, आणि आता त्या पिशव्यांमधून वाट काढत चालावं लागतंय.

तिकिटांचा घोळ आधी सांगते. मी, सात वर्षांचा मुलगा आणि चौदा महिन्यांची मुलगी एका पीएनआरवर. नवरा शेवटच्या आठवड्यात आला, त्याचं तिकीट वेगळं काढलं. त्याने सगळ्यात स्वस्त भाडं निवडलं, ज्यात चेक-इन सामानच नाही, फक्त हातातली बॅग. तेव्हा म्हणाला, "मला काय, एक सॅक पुरे." बाबा, तुला पुरेल, तुझ्या सासूला कशी पुरेल?

बाबांनी काजूबिया तोलायचा स्प्रिंगचा काटा पडवीच्या वाशाला टांगला आणि एकेक वस्तू अडकवून वजनं घेतली. कपड्यांची मोठी बॅग १६.४, छोटी १०.६. हापूसचे दोन डझनी खोके दोन, प्रत्येकी ६.८. कोकम आगळाच्या दोन बाटल्या २.४. मालवणी मसाला २. वड्यांचं पीठ आणि कुळथाचं पीठ मिळून ३. काजूगर १. सुकं खोबरं दीड किलो. शिवाय दोन नारळ, सव्वा किलोच्या आत-बाहेर.

सगळं मिळून ५१ च्या वर गेलं. माझ्या पीएनआरवर दोन सीटचे मिळून ३० किलो. म्हणजे जवळजवळ २२ किलो जादा. गेल्या वर्षी एका कंपनीच्या काउंटरवर किलोला ६०० घेतले होते. या वेळी तोच हिशेब लावला तर तेरा हजार! तेव्हा पाच किलोसाठी रांगेतच बॅग उघडून बसले होते, मागे लोक उभे, मुलगा मोठ्याने "आई, तुझा गाऊन पडला" म्हणून ओरडतोय. ते पुन्हा नको.

आईचं म्हणणं: "एवढ्याशा पिशयेन इमान खाली येतला काय गो?"

प्रश्न असे. बाळाच्या नावावर काही किलो मिळतात का? नवऱ्याच्या तिकिटात आता सामान वाढवता येईल का? आणि यातलं काय नेता येतं, काय नाही? कोणी हल्ली हापूस घेऊन विमानाने गेलं असेल तर कृपया सांगा.

रापण

ताई, सुकं खोबरं आधी बाजूला काढा. नारळ चेक-इनमध्ये जातो, सुकं खोबरं मात्र कुठल्याच बॅगेत चालत नाही.

भिरंड_सरबत

काय सांगता! नारळ चालतो आणि खोबरं नाही? आईला हे कसं पटवू?

काउंटर_सात

मी सहा वर्षं चेक-इन काउंटरला काढली आहेत, आता सोडलं ते काम. खोबऱ्याबद्दल रापण बरोबर बोलतोय. वाळलेल्या खोबऱ्यात तेल भरपूर. ढीग करून बंद जागी ठेवलं की आपोआप तापत जातं आणि पेट घेऊ शकतं. म्हणून विमान वाहतुकीच्या नियमांत ते धोकादायक मालात धरलंय. ओल्या नारळात पाणी असतं, तो तसा तापत नाही. आईंना सांगा, माडीवरही खोबरं आपण पसरून ठेवतो, ढीग करत नाही.

नारळ हातातल्या बॅगेत नाही, तो चेक-इनमध्ये. शबरीमलाच्या यात्रेकरूंना इरुमुडीतला (पूजेच्या गाठोड्यातला) नारळ केबिनमध्ये नेऊ द्यायची तात्पुरती सवलत दिली होती, २० जानेवारी २०२५ पर्यंत. तुमची यात्रा सासरची, सवलत नाही. :)

आता तुमच्या प्रश्नांकडे.

बाळ: दोन वर्षांखालच्या मुलाला देशांतर्गत विमानात बहुतेक कंपन्या वेगळं वजन देत नाहीत. बाबागाडी मात्र फुकट घेतात, तिचं वजन तुमच्या ३० मध्ये धरत नाहीत. मुलाची सीट आहे, त्याचे १५ पूर्ण मिळतात. तुम्ही दोघं एकाच पीएनआरवर आहात, त्यामुळे एक बॅग १८ आणि दुसरी ११ झाली तरी बेरीज बघतात. फक्त एकच नग ३२ किलोच्या वर जाऊ देऊ नका. उचलणाऱ्या माणसाच्या कमरेसाठी ती मर्यादा आहे, पैसे भरले तरी तो नग घेत नाहीत.

नवरा: त्याचा पीएनआर वेगळा, म्हणून तुमच्या ३० मध्ये त्याला काही मिळणार नाही आणि त्याच्या नावावर घेतलेलं तुमच्यात मिसळणार नाही, असंच धरून चला. पण त्याच्या तिकिटावर कंपनीच्या ॲपवरून आधी सामान विकत घेता येईल. ५, १०, १५ अशा टप्प्यांत मिळतं. काउंटरवर किलोमागे जे मोजाल त्यापेक्षा हे बरंच स्वस्त पडतं. फक्त सुटायच्या काही तास आधी ही सोय बंद होते, त्यामुळे रविवारी सकाळी गाडीत बसून करू म्हणू नका. पत्रादेवीच्या आसपास रेंज कधी जाईल भरवसा नाही.

तिसरी_घंटा

हे बिनसामानाचं भाडं म्हणजे २०२१ च्या फेब्रुवारीत आलेलं फॅड. डीजीसीएने, म्हणजे सरकारच्या विमान वाहतूक नियामकाने, कंपन्यांना परवानगी दिली की सामान न नेणाऱ्याला सवलत द्या. ऐकायला छान. पण कोकणातून सामान न घेता परत जाणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही.

दुसरं, २०१६ साली डीजीसीएनेच सांगितलं होतं की १५ ते २० किलोच्या मधल्या वजनाला किलोमागे १०० रुपयांपेक्षा जास्त घेऊ नका. कंपन्या कोर्टात गेल्या आणि २०१७ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. नाहीतर तुमचे पहिले पाच किलो पाचशेत सुटले असते. असो.

कुळागर

आमच्याकडे दरवर्षी आंबे रेल्वेने जातात. थ्री-एसीला माणशी ४० किलो सामान फुकट, स्लीपरलाही ४०, टू-एसीला ५०. कुडाळला बसायचं, कोणी बॅग काट्यावर टांगत नाही. एक खोका मुंबईला जाणाऱ्या कोणाकडे देता येईल का बघा.

भिरंड_सरबत

मुंबईत कोणी नाही हो आता. आणि दोन मुलांना घेऊन दिल्लीपर्यंत रेल्वे... नको. सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळाहून मुंबई करून पुढे जावं का असाही एक विचार आला होता. मालवणहून जवळ पडतं.

काउंटर_सात

चिपीला बहुतेक एटीआर येतं, छोटं विमान. त्यात डोक्यावरचे कप्पे अगदी लहान. मोठ्या विमानात आरामात बसणारी ट्रॉली तिथे बसत नाही, दारातच टॅग लावून खाली घेतात. शिवाय दोन वेगळी तिकिटं काढलीत तर दोन कंपन्यांचे दोन नियम, आणि मधे मुंबईला सामान घेऊन पुन्हा द्या. मोपाच बरं. तिकिटावर एकदा जीओएक्स लिहिलंय ना बघून घ्या. जीओआय म्हणजे दाबोळी, गोव्यातलाच दुसरा विमानतळ. मालवणच्या माणसाला त्या चुकीची किंमत फार मोठी पडते.

हातातल्या बॅगेबद्दल: माणशी एक नग, ७ किलो. तुमचे आंब्याचे खोके ६.८ चे आहेत असं लिहिलंत ना? मग नवऱ्याची सॅक रद्द. तो एक खोका हातात घेऊन जाईल. त्याचे कपडे तुमच्या बॅगेत.

रापण

हे लय भारी आहे. जावई दिल्लीला उतरणार हातात हापूस घेऊन.

माजघर

खोका नेताना एक लक्षात ठेवा, आंबे पिकलेले नकोत. पाडाला आलेले घ्या, दिल्लीला जाऊन पिकतील. माझ्या शेजारच्या सीटवर एकदा एक गृहस्थ पूर्ण पिकलेली पेटी घेऊन बसले होते. तीन तास सुगंधाने जीव नकोसा झाला, कारण एकही खायला मिळाला नाही. पेंढ्याऐवजी वर्तमानपत्राचे बोळे घाला, स्वच्छ राहतं. वर-खाली चिकटपट्टी नीट मारा.

आगळाच्या बाटल्या केबिनमध्ये नकोतच. झाकण घट्ट करून त्यावर प्लॅस्टिक, मग दोरा, मग बाटली दोन पिशव्यांत, आणि ती जुन्या टॉवेलमध्ये. कोकमाचा डाग कपड्याला लागला की तो कपडा त्या दिवसापासून कोकमाचाच. मसालाही चेक-इनमध्ये टाका, मिरचीची पूड हातात नेऊ देत नाहीत. लोणचं दिलं नाही का आईने?

भिरंड_सरबत

लोणचं "ऐनवेळी देतय" म्हणाली होती. तुमचं वाचून दाखवलं आणि थांबवलं.

काउंटर_सात

आणखी एक. काउंटरवर घाईत वजन इकडचं तिकडे करताना लोक पॉवर बँक चेक-इन बॅगेत टाकतात. ती हातातच हवी, १०० वॅट-अवरच्या आतली. नाहीतर बॅग अडकते आणि तुम्हाला परत बोलावतात. चार दिवस आहेत, घरीच शांतपणे भरा.

भिरंड_सरबत

ठरलं ते लिहिते, चुकत असेल तर ओरडा.

तीन किलो कपडे इथेच ठेवते, गणपतीला पुन्हा यायचंच आहे. म्हणजे दोन बॅगा मिळून २४. त्यात मसाला २, पिठं ३. झाले २९, माझ्या पीएनआरवर. नवऱ्याच्या तिकिटावर १० किलो आत्ताच ॲपवरून घेतले. त्यात एक आंब्याचा खोका ६.८ आणि आगळ वेगळ्या पिशवीत २.४. दुसरा खोका त्याच्या हातात. काजूगर माझ्या हातातल्या बॅगेत, बाळाच्या डायपरखाली. नारळ फोडून सोलकढी झाली, दुपारीच संपली. खोबरं परत माडीवर.

आईला कारण समजावलं. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आमच्या माळ्यार कदी पेटला नाय ता," आणि दीड किलो खोबऱ्याच्या जागी दीड किलो फणसपोळी काढली. ती कुठे बसवू?

माजघर

अंगातल्या जॅकेटच्या खिशात. थट्टा नाही करत.

भिरंड_सरबत

पोचलो! सोमवारी लिहायला वेळ झाला. सगळं पार पडलं, एक रुपया जादा गेला नाही. काउंटरवरच्या मुलीने नवऱ्याच्या हातातला खोका काट्यावर ठेवायला लावला, ६.९ आला, तिने हसून जाऊ दिलं. सिक्युरिटीवाल्याने स्कॅनरवर आंबे ओळखले आणि देवगड की रत्नागिरी एवढंच विचारलं. फणसपोळी मुलाच्या शाळेच्या दप्तरात आली, ती त्याची हातातली बॅग. आगळ एक थेंब सांडला नाही, माजघरताईंचे खास आभार. काउंटर_सात, तुमचेही.

एकच गडबड. माझ्या दोन बॅगा बाबांच्या काट्यावर २९ होत्या, तिकडे २९.६ भरल्या. खोकाही तिकडे जास्तच. म्हणजे बाबांचा काटा बॅगेमागे तीनशे ग्रॅम कमी दाखवतो. रात्री फोन करून सांगितलं. पलीकडे एकदम शांत. मग बाबा म्हणाले, "म्हणानच तो येपारी दरवर्सा म्हणी, तुमचोच काटो लावा."